आधी कुठे, मग केवढं

आमच्या ऑफिसातले मेश्राम कॉफी मागतात ती अशी : "खिडकीजवळचं टेबल, मोठा कप, बिनसाखरेची." काउंटरवरची मुलगी नाव विचारते, तर म्हणतात, "ते सगळ्यात शेवटी." डॉक्टरकडे गेले तरी "डावा गुडघा, चार बोटं, ठणका." त्यांच्या बायकोनं, सुनंदाताईंनी, एका पॉटलक जेवणात मला सांगितलं, "बघायला आले तेव्हा हे माझ्याशी पहिलं काय बोलले माहितेय? 'नागपूर, दोन खोल्या, पिवळा रंग.' मला वाटलं, घर विकायला आलेत."

"आधी कुठे, मग केवढं, मग कोणत्या रंगाचं" हा मेश्रामांचा मंत्र आहे, आणि पोटापाण्याचा धंदाही. अमेरिकेत, कॅरी गावातली आमची छोटी कंपनी प्रोग्रामरांना चित्रं काढण्यासाठी तयार आज्ञा पुरवते : चौकोन काढ, रेघ ओढ, वर्तुळ काढ. प्रत्येक आज्ञेला आकडे द्यावे लागतात. ते कोणत्या क्रमानं द्यायचे, हे मेश्राम ठरवतात. "नवीन माणसानं नुसता अंदाज केला ना, तरी बरोबर निघाला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. रेघेचा रंग आधी की जाडी आधी, यावर त्यांनी एकदा पाऊण तास मीटिंग चालवली. माझ्या अजेंड्यावर त्याला पाच मिनिटं होती.

फक्त वर्तुळाची आज्ञा त्यांच्या आधीच्या माणसानं लिहिलेली. तिच्यात आधी केवढं, मग कुठे. मेश्रामांना ती दातात अडकलेल्या सुपारीसारखी सलायची.

नव्या आवृत्तीचं रिलीज मी सांभाळते, आणि यादीशिवाय मी दूधही आणत नाही. आतापर्यंत आज्ञा 'बदलू शकतील' अशा सूचनेसह, कच्च्याच दिलेल्या; त्या गुरुवारी त्या कायमच्या ठरणार होत्या. मग लोक त्यांवर विसंबले की क्रम बदलता येत नाही, त्यांचे प्रोग्राम मोडतात. माझ्या यादीत एकतीस कामं होती. बाविसाव्यापुढे, म्हणजे वर्तुळापुढे, मी "नंतर" लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी मेश्राम माझ्या टेबलाशी उभे.

"काहून ताई, नंतर? नंतर म्हणजे कधीच नाही."

"अहो, वर्तुळ तपासणाऱ्या शंभरावर टेस्ट पुन्हा लिहाव्या लागतील. मॅन्युअलमध्ये ठळक सूचना टाकते ना. लोक वाचतील."

"मिक्सरचं मॅन्युअल वाचलं होतं तुम्ही?"

"हो. फाइलला लावलंय."

"तुमची गोष्ट वेगळी आहे, ताई."

मग त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर एक चित्र होतं : पिवळ्याधमक गोळ्याखाली जवळजवळ बुजलेलं घर. त्यांच्या मुलीनं, ऋचानं, शाळेत असताना एका प्रोजेक्टसाठी आमच्याच आज्ञा वापरून काढलेलं. तिनं सूर्याची जागा आधी दिली, चौकोनाला देतात तशी. आमच्या वर्तुळानं तो आकडा आकार समजून घेतला.

"चौदा वेळा करून पाहिलंय तिनं. सगळ्या फायली आहेत. मग म्हणाली, 'आय ॲम नॉट अ कोडिंग पर्सन, बाबा,' आणि विषयच सोडला. ती कॉलेजला गेल्यावर मला जुन्या लॅपटॉपवर हे सापडलं." त्यांनी फोन खिशात ठेवला. "मला विचारायला आली नाही. मी बाजूच्याच खोलीत होतो, ताई."

मी "नंतर" खोडलं. टेस्ट आम्ही पाच जणांनी वाटून घेतल्या. मेश्राम दर अर्ध्या तासानं सगळ्यांना चिवडा वाटत होते आणि सगळ्यांचं काम तपासत होते, त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागला. तरी गुरुवारी सकाळी दहा वाजता वर्तुळ चौकोनासारखं वागायला लागलं.

मेश्रामांनी ऋचाचीच फाइल, एक अक्षरही न बदलता, चालवली. घरावर छोटा सूर्य आला. ते चित्र त्यांनी तिला पाठवायला घेतलं. खाली काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"काय लिहू, ताई? तिला वाईट तर नाही ना वाटणार?"

"'चूक तुझी नव्हती, आमची होती' एवढंच लिहा."

त्यांनी तेवढंच लिहिलं. थोड्या वेळानं उत्तर आलं : "ओ माय गॉड, बाबा. लंचला कॉल करू?"

लंचला अजून दोन तास होते. मेश्राम उठले, जॅकेट घातलं आणि फोन हातात घेऊन, रेंज चांगली असते म्हणून, पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले.