कोरडा स्क्रू

मालकांच्या मुलीच्या लग्नात फडतरे मॅडमनी आमटी अडवली होती. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात स्टीलचा डाव तसाच बुडवून ठेवलेला त्यांना दिसला. "पातेलं पोखरतंय, कळत नाही का?" वाढपी बिचारा आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग पातेल्याकडे. पंगतीला भात संपल्यावर आमटी आली.

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात त्या क्वालिटी बघतात, मी असेंब्ली. दोन वेगळे धातू एकमेकांना थेट भिडलेले त्यांना बघवत नाहीत; कोरडे घासले किंवा ओल लागली, की ते एकमेकांना खातात नाहीतर धरून बसतात. मध्ये ग्रीस हवं, वॉशर हवा, निदान रंगाचा एक हात तरी. "कोरडं लावू नका!" हे त्या नमस्कार म्हणावा तसं म्हणतात. पर्समध्ये स्क्रूला लावायच्या पेस्टची डबी असते, आणि नंबरप्लेटचा स्क्रू गंजलेला दिसला तर रिक्षावाल्याचीही सुटका नसते. मला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग तो माउंट आला. नेमबाजीच्या रायफलवर दुर्बीण बसवायचा हा भाग आम्ही पहिल्यांदाच केला होता. अंग ॲल्युमिनियमचं, स्क्रू स्टीलचे. नमुना एकच, आणि तो न्यायला गिऱ्हाइकाची गाडी गेटवर उभी. तेवढ्यात नागनाथ आला. हा आमचा लातूरचा फिटर, दोन लेकरांचा बाप. चेहरा पार उतरलेला.

"सर, येक स्क्रू निघंना झालाय. पेस्ट लावायची राह्यली."

स्क्रू निघाल्याशिवाय दुर्बीण धरणारी रिंग उघडत नाही, आणि रिंग उघडल्याशिवाय दुर्बीण बसत नाही. मालकांनी केबिनमधूनच ऐकवलं, "आज नमुना गेला नाही, तर हा माणूस उद्या मला इथं दिसायला नको."

मी स्क्रू फिरवायला ॲलन की उचलली.

"हात लावू नका!" मॅडम ओरडल्या. "जोर लावलात की आटे उखडून येतील."

त्यांनी गरम हवेची गन घेतली. "ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. तेवढीच जागा मिळाली तर मिळाली." गरम करायचं, केसभर उलटं फिरवायचं, पुन्हा थोडं सुलटं. गेटवरून हॉर्न वाजला. नागनाथ डोळे मिटून उभा होता. एकदा कर्रकन आवाज झाला. मॅडम थांबल्या, पुन्हा हवा दिली, पुन्हा फिरवलं.

निघाला. आटे शाबूत होते.

नागनाथनं पेस्ट लावून स्क्रू बसवला, गाडी गेली. मॅडम केबिनच्या दारात जाऊन "नागनाथ उद्या येणार आहे," एवढंच बोलल्या आणि परत येऊन एका खोक्यावर बसल्या.

"मॅडम, आता असं कामून बसलात?" नागनाथनं विचारलं. "निघाला की."

"आईच्या वॉकरचा नव्हता निघाला," त्या म्हणाल्या. "बाथरूमचं पाणी लागून उंची कमी करायचा बोल्ट आतच धरला. आई वाकत गेली, वॉकर तेवढाच उंच. शेवटपर्यंत खांदे वर ओढून चालली बिचारी."

नागनाथनं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घेतला, पण प्यायल्या नाहीत. मला वाईट फार वाटलं.

"घरात पाना-पक्कड होती, गरम हवेची गन होती. मी म्हणायचे, येत्या रविवारी बघते हं आई. ती म्हणायची, बघ गं सावकाश, मला कुठं जायचंय?"