बांगड्या गोल असतात

चौथीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या छंदातून संशोधन प्रकल्प सादर करावा, पालकांनी केवळ मार्गदर्शन करावं, असा शाळेचा आदेश आला आणि मुलुंडच्या आमच्या इमारतीतले सगळे रविवार रद्द झाले.

माझ्या लेकीकडे, उत्तराकडे, बिस्किटांचा डबा भरून फुटक्या बांगड्यांच्या काचा होत्या. जिन्यातून, नळापाशी, गॅलरीत वेचलेल्या. प्रत्येक काच तिला तोंडपाठ. ही मालनमावशीची, पाणी गेलं म्हणून बादली आपटली तेव्हाची. ही हिरवी शेजारच्या बाळाच्या बारशातली. आणि ही लाल, सुगंधाकाकूंची, काका गेले त्या दिवसाची. ती तेवढी कापसात ठेवलेली.

संशोधन म्हणजे याहून वेगळं काय, हे मला कळेना. उत्तराच्या वर्गशिक्षिका रत्नप्रभाबाईंना कळलं. फुटका नमुना शास्त्रीय नसतो, म्हणाल्या. कुणाची कधी फुटली, ही तर ऐकीव माहिती. कापसातली काच पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"ही आधी काढा हो. उद्घाटनाला पाहुण्या येणार, त्यात हळदीकुंकू ठेवलंय."

काच काढली. मग मी बाजारातून नव्याकोऱ्या, अख्ख्या बांगड्या आणून थर्माकोलवर ओळीत बसवल्या. मथळे मीच लिहिले, कारण उत्तराचं अक्षर चौथीतल्या मुलीसारखं दिसत होतं. डबा माळ्यावर गेला. शेवटी निष्कर्ष हवा होता. उपलब्ध पुरावा पाहता प्रामाणिकपणे एकच निघाला: बांगड्या गोल असतात. परीक्षकांनी त्यातल्या नेमकेपणाचं खास कौतुक केलं. पहिला क्रमांक.

प्रदर्शनात उत्तरा आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या टेबलापाशी पाहुणीसारखी उभी होती. जरा वेळानं तिनं एका बांगडीकडे बोट नेलं.

"हात लावू नकोस गं, मोडेल," म्हणत मी तिचा हात झटकला. माझा हात टेबलाच्या कडेवर आपटला आणि हातातली बांगडी फुटली.

ती खाली वाकली. तुकडा फ्रॉकला पुसला, उजेडात धरून नीट पाहिला.

"ही तुझी, आई," ती म्हणाली. "मी माझ्या प्रकल्पाला हात लावला तेव्हाची."

प्रदर्शन शनिवारपर्यंत खुलं आहे. पालकांनी अवश्य यावं; तुमच्याही माळ्यावर एखादा डबा असेलच. मुलांना मात्र आणू नये. काचा लागतात.