मच्छिंद्र बोरुडेची पारख

"नंबर कशाला लागतोय? मी बैल घेताना त्याच्या कानातला बिल्ला बघतो का? चाल बघतो, चाल! हजार जनावरांत माझं जनावर पाठमोरं वळखतो मी. मग पोटची पोर वळखाया नंबर लागतोय व्हय?"

मच्छिंद्र बोरुडेने हे कोल्हारच्या स्टँडवर, पुण्याच्या एसटीची वाट बघता बघता, गनीभाईला ऐकवलं. शेजारच्या दोन बायकांनाही ऐकू जाईल अशा बेताने ऐकवलं. गनीभाई त्याचा जुना दोस्त, धंद्याने बैलांचा व्यापारी. त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं की लेकीच्या, निकिताच्या पाठीवर सतरा नंबर आहे, तेवढा ध्यानात ठेव.

बढाईत खोटं काही नव्हतं बरं का! मच्छिंद्राचा गोऱ्हा एकदा चोरीला गेला होता. चोराने शिंगं तासली, रंग फासला, शेपटीचा गोंडा कातरला आणि सहा महिन्यांनी तोच गोऱ्हा लोणीच्या बाजारात उभा केला. मच्छिंद्राने त्याला मागून, नुसता चालताना बघून ओळखलं. तेव्हापासून लोणीत बैल घेणारा माणूस आधी मच्छिंद्राला शोधायचा. मच्छिंद्र चष्मा न लावता, दात न बघता नुसतं म्हणायचा, "चालवून दाखव." आणि त्याने मान हलवली की सौदा झाला!

पण आजचं काम बाजारातलं नव्हतं. गेल्या श्रावणात त्याची बायको राहीबाई वारली. जायच्या आधी तिने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "पोर देशाकडनं फुटबॉल खेळती. मला काय आता बघाया मिळत न्हाई. तुमी तिला एकदा खेळताना बघा आन् मला येऊन सांगा." मरणाच्या दारातल्या बाईला नाही कोण म्हणणार? मच्छिंद्र व्हय म्हणाला. मग राहीबाई गेली, आणि एकुलती एक लेक निकिता आईच्या मातीला आली नाही. दहाव्यालाही आली नाही. फोन तेवढा आला, "आबा, मला कॅम्पातनं निघता येत न्हाई." मच्छिंद्राने फोन ठेवला, तो आजतागायत तिचा उचलला नव्हता. नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा अख्खी भावकी त्याच्याकडे बघत होती. ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

म्हणून निकिताने दोन पास पाठवले ते गनीभाईच्या पत्त्यावर. पुण्याला मॅच, आपला देश विरुद्ध एक लांबचा देश. त्या देशाचं नाव मच्छिंद्राला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

"मी काय तिच्यासाठी चाललो न्हाई," एसटीत बसल्यावर त्याने बजावलं. "राहीला शबूद दिलाय. एकदा खेळताना बघायची, परत यायचं आन् मोकळं व्हायचं."

"व्हय, व्हय," गनीभाई म्हणाला. मच्छिंद्राच्या मांडीवरच्या पिशवीत नारळ होता, गुलालाची पुडी होती, शिर्डीचे दोन किलो पेढे होते आणि कोरा करकरीत गुलाबी फेटा होता. नुसता शब्द पाळायला निघालेला माणूस एवढं सामान घेत नाही, हे गनीभाईला कळत होतं.

स्टेडियमच्या दारात पहिला गोंधळ झाला.

"नारळ आत नाही," दारावरचा माणूस म्हणाला.

"का? मैदान पूजाया नारळ नको?" कुस्तीचा आखाडा सोडून दुसरं मैदान मच्छिंद्राने आयुष्यात बघितलं नव्हतं.

"कुणाच्या डोक्यात घातला म्हणजे?"

"नारळ डोक्यात घालाया मी पुण्याला कशाला येऊ? कोल्हारात काय डोकी कमी हायेत?"

नारळ गेला, गुलाल गेला. पेढे चार ठिकाणी दाबून बघून परत मिळाले. फेट्यावर खल चालू झाला तसा गनीभाईने तो सरळ आपल्या डोक्याला गुंडाळला आणि नवरदेवाच्या मामासारखा आत गेला!

जागा मात्र राजेशाही मिळाली होती. अगदी पुढे, खाली आपल्या संघाच्या बदली पोरींचा बाक. मैदानावर निळ्या कपड्यांतल्या अकरा पोरी आल्या. सगळ्यांचे केस मागे घट्ट बांधलेले, सगळ्यांच्या पिंडऱ्या पैलवानासारख्या. चष्मा खिशातच ठेवून मच्छिंद्राने डोळे बारीक केले. गर्दीतली माणसं झेंडे नाचवत होती, हा मात्र बाजारातल्यासारखा गप्प उभा राहून एकेकीची चाल बघत होता.

आणि त्याला ती सापडली!

डावा खांदा जरासा खाली, पाऊल लांब, टाच आधी टेकणारी. राहीबाई विहिरीवरून घागर घेऊन अशीच यायची. निकिताही लहानपणी आईच्या मागे हुबेहूब तशीच चालायची. मच्छिंद्राने गनीभाईचा दंड गच्च धरला.

"गन्या, ती बघ! राहीची चाल!"

गनीभाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात त्याची तयारी. "पर नंबर काय हाय तिचा? मला तर चार दिसतोय."

"तुला एकाचे चार दिसत्यात!"

"मच्छू, ऐक. ती लई पळती रं. आपली निकिता एवढी पळंल असं मला वाटत न्हाई."

"का पळणार न्हाई? दूध पाजलंय तिला, चहा न्हाई!"

गनीभाईने विषय सोडून डोक्यावरचा फेटा सारखा केला.

पुढचा सगळा वेळ मच्छिंद्र त्या चार नंबरच्या पोरीच्या नावाने ओरडत राहिला. "निके, पळ! निके, धर तिला! निके, पट काढ!" कुस्ती सोडली तर खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू बाहेर गेला की तो टाळ्या वाजवायचा, पंचाने शिट्टी मारली की पंचाच्या घराण्याची चौकशी करायचा. खालच्या बाकावरची एक पोर सारखी मागे वळून वर बघत होती. तिने दोनदा हातही हलवला.

"ती कोण रं?" मच्छिंद्र वैतागला. "समोर देशाचा खेळ चाललाय आन् हिचं सगळं ध्यान माणसांकडं! असलीला कशाला आणत्यात?"

मध्ये सुट्टी झाली. सुट्टीनंतर दोन्ही संघांनी बाजू बदलल्या आणि मच्छिंद्र हादरला. "आरं, पोरगी आता उलटी का उभी राहिली? मघा त्या जाळ्याकडं पळत हुती!"

"नवा डाव असंल," गनीभाई म्हणाला. त्यालाही खेळातलं तेवढंच कळत होतं.

आणि मग ते घडलं. पाहुण्यांच्या पोरीने चेंडू जोरात आत मारला, चार नंबर आडवी धावली, चेंडू तिच्या पायाला लागला आणि सरळ जाळ्यात गेला!

आपल्याच जाळ्यात, हो! सगळं स्टेडियम गपगार झालं. आणि त्या शांततेत एकच माणूस उडी मारून उभा राहिला.

"गोऽऽल! माझ्या पोरीनं केला! राहे, बघ गं, तुझ्या पोरीनं गोल केला!"

मच्छिंद्राने गनीभाईच्या डोक्यावरचा फेटा ओढून गरागरा फिरवला. मग पेढ्यांचा खोका फोडला. पुढच्या रांगेत पेढे, मागच्या रांगेत पेढे! तोंडाला तिरंगा रंगवलेल्या एका पोराच्या तोंडात त्याने पेढा कोंबलासुद्धा. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, वर्षभराचं साचलेलं. राग गेला होता. मातीला आली नाही, दहाव्याला आली नाही, सगळं त्याने त्या क्षणी माफ करून टाकलं होतं.

"काका, गोल आपल्यावर झालाय!" त्या पोराने पेढा थुंकला. "तिने आपल्याच जाळ्यात घातला! आपण हरतोय!"

मच्छिंद्राचा हात फेट्यासकट वरच राहिला.

मागून कुणीतरी ओरडलं, "काढा तिला बाहेर! पैसे खाल्लेत तिने!" मग सगळी रांगच सुरू झाली. मैदानात ती चार नंबरची पोर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि वरून तिच्यावर शिव्या पडत होत्या.

मच्छिंद्र वळला. "कोण म्हणलं पैसे खाल्ले? पुढं ये! आई मेलीय पोरीची, वरीस न्हाई झालं!"

"काका, खाली बसा!"

"तू बस! माझ्या लेकीला बोलतो व्हय रं?" आणि साठी ओलांडलेल्या मच्छिंद्राने त्या तिरंगी पोराची गचांडी धरली. पोराने ढकललं, मच्छिंद्राने पेढ्यांचा खोका त्याच्या डोक्यावर उपडा केला, गनीभाई सोडवायला मध्ये पडला आणि एक ठोसा खाऊन बसला. पाच मिनिटांत पोलिसांनी मच्छिंद्र आणि गनीभाई दोघांनाही काखेत धरून बाहेर काढलं.

दाराशेजारच्या खोलीत त्यांना बाकावर बसवलं. टेबलावर त्यांचा नारळ होता. एक हवालदार डबा खात होता. बाहेरून गर्दीचा आवाज येत होता. मच्छिंद्र मारामारीत फाटलेल्या फेट्याची घडी घालत होता, तेवढ्यात कर्ण्यावरून शब्द आले, "बदली खेळाडू, सतरा नंबर, निकिता बोरुडे."

मच्छिंद्राचे हात थांबले.

"गन्या, आता आत आली? मंग मघाची ती कोण हुती?"

मच्छिंद्र ताडकन उठून दाराकडे धावला. हवालदार आडवा आला.

"सायेब, सोडा! माझी पोर खेळाया उतरली! एकदा बघू द्या, लांबनं बघतो!"

"मघाशीबी तुमचीच पोर हुती ना? तिच्यापायी मारामारी केली," हवालदार म्हणाला. "आता हीबी तुमचीच? किती पोरी हायेत हो तुमच्या संघात?"

"एकच हाय, सायेब. एकच हाय!"

"मंग बसा."

मच्छिंद्र बसला. भिंतीपलीकडे गर्दी एकदा ओरडली, एकदा हळहळली, एकदा टाळ्या वाजल्या. कशासाठी, कुणासाठी, काही कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक आवाजाला तो उठायचा आणि हवालदाराकडे बघून परत बसायचा. मग लांबलचक शिट्टी झाली आणि लोक बाहेर पडू लागले.

बऱ्याच वेळाने दिव्यांच्या उजेडात लांबून कुणीतरी येताना दिसलं. उजवा पाय ओढत, एकेक पाऊल जपून टाकत.

"कोण लंगडत येतंय बघ बिचारं," मच्छिंद्र म्हणाला.

ती जवळ आली तेव्हा त्याला पाठीवरचा नंबर दिसायचं कारण नव्हतं. तोंडच दिसलं. निकिता होती.

मच्छिंद्राने बाकावर सरकून तिला जागा केली. ती त्याच्या शेजारी बसली. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली होती.

"बघितलं का आबा मला?"

'बघितलं की, लई भारी!' असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण त्याच्याने ते बोलवलं नाही. "न्हाई."

"ठाऊक हाय. मी तुमालाच बघत हुते पहिल्यापासनं. हातबी केला. तुमी त्या झारखंडच्या पोरीला निके, निके करत हुता." ती जराशी हसली. "ती मला विचारत हुती, निके म्हंजे काय शिवी हाय का."

"हे पायाला काय झालं?"

निकिता गनीभाईकडे बघू लागली. गनीभाईने सुजलेला गाल चोळला. "मच्छू, भाभी गेली त्याच आठवड्यात कॅम्पात तिचा गुडघा फाटला. आपरेशन झालं. ती पडून हुती रं, उठता येत नव्हतं. मला शपथ घातली, आबाला सांगू नका, त्या घरात आदीच मयत झालीय."

वर्षभर मच्छिंद्राने तिचा फोन उचलला नव्हता, आणि ती पाय बांधून कुठल्यातरी खाटेवर पडली होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"पुढल्या मॅचला येतो मी," तो शेवटी म्हणाला. "नंबर बघतो. चष्मा घालून बघतो."

"पुढली न्हाई, आबा. गुडघा आता साथ देत न्हाई. आज थोडा वेळ शेवटचं उतरवलं मला. म्हणून तर पास धाडले हुते."

"मंग तुझ्या आईला काय सांगू मी?"

"सांगा, पळाली म्हणून."

तिकडून कुणीतरी तिला हाक मारली. बस निघायची होती. ती उठली तसा मच्छिंद्रही उठला.

"निके, जरा चालून दाखव."

"आँ?"

"तू चाल. मी हितनं बघतो. आता परत चुकायचो न्हाई."

निकिता वळली आणि चालू लागली. उजवा पाय ओढत, डावा खांदा जरासा खाली. खांदा तेवढा आईचा राहिला होता. गाड्यांच्या तळावरून ती सावकाश गेली आणि मच्छिंद्र डोळ्याची पापणी न हलवता ती चाल मनात साठवत राहिला. दोन पांढऱ्या बस लागून उभ्या होत्या. त्यांच्या मागे ती दिसेनाशी झाली.

एक बस सुरू झाली आणि त्यांच्या समोरून हळूहळू जाऊ लागली. मच्छिंद्राने एका हातात नारळ धरला आणि दुसरा हात उंच करून जोरजोरात हलवू लागला. "नीट जा गं! पोचल्यावर फोन कर! उचलतो मी!"

गनीभाईने बरा डोळा बारीक करून बघितलं आणि त्याची बाही ओढली.

"मच्छू, ही पाहुण्यांची गाडी हाय. आपली मागच्या दारानं आत्ताच गेली."

काचेआडून एका परक्या, सोनेरी केसांच्या पोरीने हसून हात हलवला. आता मध्येच हात खाली घेणं बरं दिसेना, म्हणून लोणीच्या बाजाराचा पारखी ती बस वळेपर्यंत तिलाच हात करत उभा राहिला.