स्पीकर मोकळे होईपर्यंत

"आज नाही," जावई म्हणाले. "स्पीकर अजून कोरे आहेत."

सासरे खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांचा एक कान कधीच गेला होता, दुसरा जायच्या बेतात होता. आयुष्यभर त्यांनी शाळेत गाणं शिकवलं. लेकीनं लग्नाआधी गाऊन टेप केलेलं एकुलतं एक गाणं मात्र हरवलं होतं, ते नुकतंच एका जुन्या विद्यार्थ्याच्या कपाटात सापडलं आणि त्यानं ते मोबाइलमध्ये भरून दिलं. कान आहे तोवर ते एकदा ऐकायचं, एवढ्यासाठी ते लेकीकडे आले होते.

"बाबा, मोबाइलवर लावते," लेक म्हणाली.

"मोबाइलवर?" जावयांनी कपाळाला हात लावला. "अगं, नव्या स्पीकरचा पडदा ताठ असतो. भरपूर चालवला की तो सैल होतो, मग आवाज खुलतो. दुकानदारानं शपथेवर सांगितलंय."

दुकानदार सांगणारच. माल परत घ्यायची मुदत संपेपर्यंत गिऱ्हाईक आवाज खुलायची वाट बघत बसलं, तर त्याचं काय बिघडणार होतं? पण हे कळायला अक्कल लागते, आणि जावयांची सगळी अक्कल त्या दोन खोक्यांत अडकली होती.

"राहू दे गं," सासरे म्हणाले. "एवढ्या हौसेनं आणलेत, त्यांचं मन कशाला मोडायचं?"

दुसऱ्या दिवसापासून जावई ऑफिसला जाताना स्पीकरवर नुसती खरखर लावून जाऊ लागले. गाण्यापेक्षा खरखरीनं पडदा लवकर सैल होतो म्हणे. बायकोचं डोकं उठलं, म्हणून स्पीकर सासऱ्यांच्या खोलीत गेले.

"त्यांना तसंही कमीच ऐकू येतं," जावई म्हणाले. वर सासऱ्यांना कामही लावलं. "बाबा, आवाज बंद पडला तर तेवढं सांगायचं हं."

सासरे खोक्यांसमोर खुर्ची टाकून राखणीला बसले. थोड्याच दिवसांत त्यांनी तक्रार केली, "जावईबापू, बंद पडलंय हो."

आवाज चालूच होता. जावयांनी बटण थोडं पुढे फिरवलं. "आता?"

"हां, आता आला."

पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद पडलं. बटण पुन्हा पुढे सरकलं. असं होत होत शेजारीण भांडायला आली, तेव्हा जावयांनी खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. सासरे आतच होते.

"बाबा, बाहेर बसा ना," लेकीनं हात धरून ओढलं.

"अगं, त्यांनी विश्वासानं काम सोपवलंय. आणि हे लवकर तयार झाले, तर तुझंच गाणं ऐकायला मिळेल ना?"

संध्याकाळी जावई खूश. "बघ, आवाज कसा उघडत चाललाय!"

"स्पीकर होते तसेच आहेत. तुमच्या कानांना सवय झालीय."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

जिचं गाणं लावायचं होतं, तिला आवाजातलं काही कळत नव्हतं! लग्नानंतर ती का गायली नाही, हे कुणी विचारायची गरज उरली नव्हती.

शेवटी ती वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून विचारलं, "आजोबा, कुठल्या कारखान्यात होता?"

तिनं प्रश्न कागदावर लिहून वडिलांपुढे धरला.

"कारखाना नाही हो," सासरे अभिमानानं म्हणाले. "जावयाकडे असतो."

डॉक्टर हसले. तिला हसता आलं नाही. घरी येताच ती नवऱ्याला म्हणाली, "आजच लावायचं. आत्ता."

"मीही तेच म्हणणार होतो. झालेत तयार!"

सासरे धुतलेला सदरा घालून बरोबर दोन्ही स्पीकरच्या मध्ये बसले. गाणं सुरू झालं. जावयांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "अहाहा! आता बोला! वसूल झालं की नाही सगळं?" सासरे स्पीकरवर टक लावून, मान किंचित पुढे काढून बसून राहिले. गाणं संपलं तरी तसेच.

लेक ओंजळीत तोंड लपवून रडत होती. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणाले, "वेडे, रडतेस काय? नसतील झाले अजून तयार. मला कुठे घाई आहे?"