लटारीजींचा कान

तमाम स्त्री-पुरुष, उपवर मुली, त्यांचे आईबाप आणि स्वयंपाकघराशी संबंध असलेल्या सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पांढुर्ण्याला लटारीजींच्या दुकानातून त्यांनी नेलेल्या भांड्यांपैकी एकही भांडं ‘ते’ नव्हतं.

‘ते’ म्हणजे कोणतं, हे कृपया मला विचारू नये. कित्येक वर्षं आम्हालाही ठाऊक नव्हतं.

रीत अशी होती. गिऱ्हाईक म्हणे, “तो कडीचा डबा दाखवा जी.” लटारीजी डबा खाली काढत. मधल्या बोटाचं पेर वाकवून त्याच्या पोटावर हलकेच एकदा वाजवत. मग डबा उजव्या कानाशी नेत, डोळे मिटत, तोंड थोडं उघडं टाकत आणि ऐकत. दुकानात बसलेली माणसंही उगाच श्वास धरत. डब्यातला आवाज विरून विरून पार नाहीसा झाला की डोळे उघडत आणि म्हणत,

“हे नाही.”

आणि डबा गिऱ्हाइकाच्या हाती देत.

नवखा माणूस गोंधळे. “हे नाही, तर मग देऊन काहून राहिले?”

“तुमाले डबा पाह्यजे ना? मंग हा डबाच हाय. न्या.”

पुस्तकात ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात त्याला आमच्या भागात जर्मन म्हणतात. का, ते मी मुलांना शिकवत नाही, कारण मला माहीत नाही. जर्मनचे गंज, म्हणजे पातेली, जर्मनच्या ताटल्या, जर्मनचे डबे. पितळ-तांब्याची माणसं या धातूला नाक मुरडत. त्याला वजन नाही, कुळ नाही, जोरात हाक मारली तरी पोचा येतो म्हणत. लटारीजी तेवढं एकच विकत. पांढुर्ण्यात दुकान, आणि बाजाराच्या दिवशी सौंसर, मोहगाव, रामाकोना. अंगाने उंच, हडकुळे, डोक्याला काळी टोपी, बोटं कायमची करडी. उजवा कान डाव्यापेक्षा मोठा होता. आमचे हेडमास्तर म्हणत की तो वापरून वाढला आहे.

त्या ‘हे नाही’वर गावात बरीच विद्वत्ता खर्च झाली होती. एक पक्ष म्हणे, लढाईत पडलेली विमानं वितळवून ही भांडी झाली, त्यातल्या एकात कुण्या गोऱ्या साहेबाने हिरे दडवले आहेत. दुसरा म्हणे, चिरलेलं भांडं ते आवाजावरून ओळखतात, आणि ‘हे नाही’ म्हणजे यात खोट नाही. बायकांनी दुसरा पक्ष उचलून धरला. मी एकदा दुसऱ्या दुकानातून गंज आणला, तर आमच्या सौभाग्यवतींनी तो उंबऱ्यातच अडवला.

“लटारीजींनी नाही म्हटलं का याले?”

“नाही.”

“मंग ठेवून या जिथला तिथं.”

मी तो गंज कानाशी धरून स्वतःच ‘हे नाही’ म्हणून पाहिलं. ते घरात चाललं नाही.

नवं भांडं घेताना लोक जुनं, फुटकं मोडीत देत. मोड लाकडी मोगरीने ठोकून चपटी करायची, पोत्यात भरायची, नागपूरच्या भट्टीत पाठवायची, तिथून नवा माल आणायचा. सगळेच भांडेवाले हे करतात. पण लटारीजी मोगरी उचलण्याआधी भांड्याची चौकशी करत.

“याच्यात काय काय शिजलं, बाई?”

“काय शिजन? वरण.”

“पंधरा वर्सं निस्तं वरणच?”

“एकदा खीर केली होती. नणंदेच्या डोहाळ्याले.”

“असं सांगा ना! खीर लक्षात ठेवते हे.” मग गंजावरून एकदा हात फिरवत, आणि मग ठोकत.

“मास्तर,” ते मला सांगत, “लाकूड जळते, मडकं फुटते, माणूस तर जातेच जाते. हे मरत नाही. मातीतून निघते, भट्टीत जाते, पत्रा होते, डबा होते, पोचे खाते, मोडीत येते, पुन्हा भट्टी. आज तुमच्या घरी चहा उकळून राहिलं, काल ढगातून उडून राहिलं असन. तुमचं झाकण सारखं खाली पडते ना? त्याले अजून वरून येण्याची सवय हाय.”

दुकानात सकाळी ऊन शिरलं की छताला टांगलेल्या डब्यांवर बसे, आणि डबे जरासे हलले की भिंतींवर उजेडाचे ठिपके पोहू लागत. मधोमध लटारीजी मांडी घालून. एखाद्या चांदीच्या पाण्याच्या तळाशी हा माणूस वर्षानुवर्षं बसून आहे, असं वाटे. मी शाळेला उशीर करून तिथे बसत असे. हेडमास्तरांना मी काय कारण सांगत असे ते इथे सांगत नाही, ते अजून हयात आहेत.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी शाळेत पेढे वाटायला परात हवी म्हणून मी त्यांच्याकडे धावत गेलो. सगळं गाव रस्त्यावर होतं. लटारीजींनी मोगरी खिळ्याला टांगून तिला झेंडूची माळ घातली होती.

“आज कोणालेच ठोकाचं नाही, मास्तर. आज सगळे सुटले.”

मोडीचा ढीग दारात उन्हात चमकत होता. परात त्यांनी दिली. पण आधी वाजवली, ऐकली. “हे नाही,” म्हणाले. देश स्वतंत्र झाला म्हणून काही त्यांनी पद्धत सोडली नाही.

मग आलं ते राज्यांच्या वाटणीचं वर्ष. नागपूर, काटोल, वरूड तिकडे मुंबई राज्यात. आम्ही सौंसर-पांढुर्णेवाले इकडे मध्य प्रदेशात. काल जिथे पोरी दिल्या ते गाव आज दुसऱ्या राज्यात. चहाच्या दुकानात रोज राज्य इकडचं तिकडे होई. कुणी रडे, कुणी टेबल आपटे, कुणी मुलांना हिंदीची शिकवणी लावून टाकली. लटारीजी मात्र एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले, आणि चेहरा असा की घरात कुणी अत्यवस्थ आहे.

“मास्तर, भट्टी कुठं गेली?”

“भट्टी नागपुरातच आहे. नागपूर गेलं.”

“म्हंजे मोड इकडची अन् जलम तिकडचा. मंग ते भांडं वापस येऊ देतीन का? अर्ज लिहा.”

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर अर्ज. ‘अर्जदाराची भांडी मृत्यूसमयी मध्य प्रदेशात व पुनर्जन्मसमयी मुंबई राज्यात असल्याने...’ असं त्यात एक वाक्य होतं. सौंसरच्या तहसीलमध्ये आम्ही दोघं हजर झालो. तहसीलदार नवे, जबलपूरकडचे, सज्जन गृहस्थ. अर्ज त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“बाबाजी, बर्तन का कोई राज्य होता है क्या?”

“नाही ना साहेब? मंग माणसाचं कसं असते?”

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशा अजून जुनाच होता.

“ले जाइए, ले आइए,” ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. “बर्तन को कोई नहीं रोकेगा.”

लटारीजींनी त्यांना वाकून नमस्कार केला. पण बाहेर मोटारीची वाट पाहत कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो, तरी त्यांच्या मनातून भट्टी जात नव्हती. ठोक व्यापारी म्हणू लागले होते की पुढे माल जबलपूरकडूनच येईल. नागपूरची भट्टी तुटली तर?

“तर काय झालं, लटारीजी? डबा तो डबा.”

पेर वाकवून त्यांनी बाकाच्या लाकडावर उगाच एकदा वाजवलं.

“आमची गंगू होती ना, मास्तर. तुम्ही गावात आले त्याच्या आधीच गेली. दमा होता तिले. संत्र्याच्या बगीच्यात कामाले जाये, तं कडीच्या डब्यात गरम पाणी नेये. थंड पाणी चालेच ना तिले, ऊन असो का थंडी. झाकण ढिलं होतं. चालली का डब्यातून सूं सूं वाफ निघे अन् हिच्या छातीतून सूं सूं श्वास. बांधावरून येऊन राहिली तं मले समजेच ना, डबा वाजून राहिला का बायको.” ते हसले. “मी म्हणो, बस ना घडीभर. म्हणे, मले रिकामी बसवू नका, रिकामी बसली का खोकला येते.”

“मग?”

“मंग गेली. तेरवी झाली. सोयरे आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, मोडीचा ढीग समोर. ठोकून राहिलो, ठोकून राहिलो. कोणीतरी घरातली झाडझूड करून तिचा डबा त्याच ढिगावर ठेवला होता. माह्या हाताले सवय. उचलला, ठोकला, पोत्यात. विचारलं बी नाही त्याले, काय शिजलं म्हणून. पोतं गेल्यावर सांजच्या चहाले पाणी ठेवाले गेलो, तं डबा नाही.”

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला धावले. भट्टीवाला म्हणाला, बाबा, आता कुठला डबा, सगळा रस झाला. मग यांचं तोंड पाहून त्याने भट्टीच्या उजेडात हात हलवला आणि म्हणाला, जाते कुठं? निघन कशात तरी.

“त्याच्या भट्टीचा माल मी आजपर्यंत सोडला नाही,” लटारीजी म्हणाले. “अन् आता ती भट्टीच तुटली, तं मी ऐकू कोणाले?”

मोटार आली. चढताना मला त्यांना आधार द्यावा लागला.

भट्टी लगेच तुटली नाही. व्यापारी कुरकुरले, पण लटारीजी स्वतः पोती घेऊन जात, स्वतः माल आणत. वय मात्र त्या सहा महिन्यांत एकदम अंगावर आलं. म्हणून सौंसरच्या बाजाराला, शाळेला सुट्टी असली की, मीही सोबत जाऊ लागलो. गोणपाटावर भांडी मांडायची मला परवानगी होती. वाजवायची नव्हती.

तो आंबिया बहराचा बाजार होता. चहूकडच्या बगीच्यांत संत्री फुलली होती आणि तो वास बाजारावर असा पसरला होता की माणसं भाव करतानासुद्धा हळू बोलत होती. बैल उभ्या उभ्या पेंगत होते. गोणपाटावरची भांडी उन्हात इतकी उजळली होती की त्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या होत्या. नुसता उजेडच रांगेने मांडून ठेवल्यासारखा. मोहगावच्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. पोरीचं लग्न झालेलं, दोन दिवसांनी सासरी वरुडाकडे पाठवणी, आंदणात एक कडीचा डबा राहिला होता.

“मजबूत द्या जी. आता परराज्यात चालली पोरगी माही. तिथं कोण बदलून देईन?”

पोरीनेच एक डबा निवडला. लटारीजींनी तो घेतला, पेर वाकवलं, वाजवलं, कानाशी धरला, डोळे मिटले.

आवाज विरला. डोळे उघडेनात.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच होतं, आणि त्यातून फार हळू श्वास जात-येत होता, झोपलेल्या माणसासारखा. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा ऐकलं. मग डबा छातीशी धरला.

“काय झालं जी?” बाई घाबरल्या. “फुटका हाय का?”

“नाही.”

“मंग म्हणा ना, हे नाही म्हणून.”

लटारीजींनी डबा आणखी घट्ट धरला.

“म्हणा ना! तुम्ही ‘हे नाही’ म्हटल्याबिगर मी नेत नसते. माह्या लग्नातला गंज बी तुम्ही नाही म्हणूनच दिला होता, अजून एक पोचा नाही त्याले.”

मला वाटलं, आता हा माणूस डबा पोटाशी घेऊन उठेल आणि चालू लागेल. मी तर वाटेतली भांडी बाजूला सारायलाही लागलो होतो.

“दुसरा घे वं माय,” मी पोरीला म्हणालो.

“मले हाच पाह्यजे. याच्यात मी वावरात पाणी नेईन,” पोरगी म्हणाली. तिने हात पुढे केला आणि डब्याच्या कडीत बोटं घातली. डबा अजून लटारीजींच्याच हातात होता. क्षणभर दोघांनी तो धरला.

“रोज नेशीन?” लटारीजींनी विचारलं.

“मंग! रिकामा कायले ठेवू?”

लटारीजींनी तिच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, आयुष्यातलं त्यांचं पहिलं आणि शेवटचं खोटं ते बोलले.

“हे नाही.”

आणि हात सोडला.

बाई खूश झाल्या. दोघी निघाल्या. डबा पोरीच्या हातात झुलत, मध्येच चमकत, गर्दीत शिरला. लटारीजी बसून पाहत होते. मी काही बोलणार, एवढ्यात ते ताडकन उभे राहिले. एक ताटली गडगडत गेली, पेंगणारे बैल दचकले, अख्ख्या बाजाराने माना वळवल्या, आणि लटारीजी टोपी हातात घेऊन त्या पोरीमागे ओरडले,

“अवं माय! सकाळी सकाळी थंड पाण्यानं नको धुजो तिले! दमा हाय तिले!”