निम्म्या पंख्याची बोट

मला कुठलंही वाहन चालवता येतं, असं मी म्हणतो तेव्हा त्यात बढाई नसते. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गावातल्या बऱ्याच लोकांना मी गाडीवर बसवलंय आणि उरलेले त्यांना चुकवत रस्ता ओलांडतात. त्यामुळे सासरेबुवांनी जेव्हा जाहीर केलं की आता गुडघे साथ देत नाहीत, मोटरबोट दोन जावयांपैकी एकाला देऊन टाकायची, तेव्हा मी मनातल्या मनात तिला नवा रंगसुद्धा दिला.

दुसरा जावई म्हणजे माझा साडू. दातांचा डॉक्टर. सज्जन, हळू बोलणारा, समोरचा तोंड उघडेपर्यंत थांबायची सवय असलेला. अशा माणसाशी कसली आलीय स्पर्धा?

सासरेबुवांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. माणसांवर त्यांचा फारसा विश्वास नाही, यंत्राच्या आवाजावर आहे. निकालाची पद्धतही त्यांनी तशीच ठरवली. रविवारी घरच्या सगळ्यांना बसवून तलावातल्या बेटाला फेरी मारायची. जाताना मी चालवायची, येताना डॉक्टरांनी. ते स्वतः डोळे मिटून इंजिन ऐकणार आणि ज्याच्या हाताखाली ते सुखी वाटेल त्याला बोट देणार.

शनिवारी मी "बोट जरा धुऊन आणतो" असं सांगून किल्ली घेतली आणि बायकोला घेऊन सरावाला निघालो.

"अहो, पाणी फार खाली गेलंय," ती म्हणाली. "बेटाजवळ नेऊ नका. तिथे खडक आहेत."

"दिसले की थांबवीन ना."

"कशी?"

हा प्रश्न चांगला होता. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

खडक दिसला. पाण्याखाली हातभर, हिरवट, म्हशीच्या पाठीसारखा. मी तत्काळ ब्रेक दाबला. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो आणि आमचा संसार त्या ब्रेकवरच चालतो. बोटीला तो नसतो. माझा उजवा पाय तळाची फळी जिवाच्या आकांताने दाबत राहिला आणि बोट आपल्या मर्जीने खडकाच्या शेजारून सुखरूप निघून गेली. इथेच गप्प बसलो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण अडचणीत सापडलं की शांतपणे रिव्हर्स घ्यायचा, हे मी रोज शिकवतो. मी शांतपणे रिव्हर्स घेतला.

मागच्या इंजिनाखाली पाण्यात एक पंखा फिरत असतो. त्याच्या जोरावर बोट चालते. तो खडकावर बसला तेव्हा मिक्सरमध्ये चमचा राहून गेल्यासारखा आवाज झाला आणि मग काहीच आवाज झाला नाही.

"बाबांना सांगून टाका," बायको म्हणाली.

"सांगणारच आहे. बोट मिळाली की सांगतो."

वल्ही मारत किनारा गाठला आणि धक्क्याजवळच्या मेकॅनिककडे गेलो. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एकाचं टोक गेलं होतं आणि दुसरं कुत्र्याच्या कानासारखं दुमडलं होतं. या इंजिनाचा पंखा बाहेरून मागवावा लागतो, बरेच दिवस लागतात, असं त्याने सांगितलं.

"मला उद्या सकाळी हवाय."

"मग मास्तर, एकच करता येईल. जे पातं सगळ्यात लहान उरलंय, तेवढीच बाकीची दोन करू. तिन्ही सारखी झाली की बोट थरथरणार नाही."

"आणि पळेल?"

"थरथरणार नाही," तो पुन्हा म्हणाला आणि त्याने ग्राइंडर सुरू केला.

रविवारी सकाळी सासरेबुवा, सासूबाई, मेव्हणी, डॉक्टर, माझी बायको, असे सगळे बोटीत बसले. मी इंजिन सुरू केलं. पंख्यालाच काही काम उरलं नसल्यामुळे इंजिन अगदी मजेत होतं. सासरेबुवांनी डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. "इतकं मोकळं चालताना मी याला कधी ऐकलं नाही."

मी इंजिन पूर्ण जोरात सोडलं होतं. तरी काठाने फिरायला निघालेले दोन म्हातारे गप्पा मारत आम्हाला मागे टाकून गेले.

"जावईबापू, मुद्दाम सावकाश चालवताय ना?"

"हो बाबा. घरची माणसं आहेत बोटीत."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बायको पाण्याकडे बघत बसली. डॉक्टर मात्र माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते. हरणाऱ्याची नजर ती, असं मी धरून चाललो.

बेटाला वळसा घातला आणि डॉक्टरांची पाळी आली. तेवढ्यात समोरून वारा सुटला. डॉक्टरांनी इंजिन वाढवलं, आणखी वाढवलं. कपाळावर घाम आला. इंजिन छान गात होतं, बोटीचं नाक घराकडे होतं, आणि बेट पाठीमागून हळूहळू जवळ येत होतं. सासरेबुवांनी डोळे उघडले.

शेवटी मेव्हणीने ओढणी हलवून मदत मागितली. जवळ एकच बोट होती. पायांनी चालवायची, हंसाच्या आकाराची, आत एक नवं जोडपं. त्यांनी दोरी बांधली आणि एकमेकांना "तू जोरात मार की" म्हणत आम्हाला ओढत नेलं. सगळा धक्का बघायला जमला होता.

सासरेबुवांनी इंजिन उचलून पंखा पाण्याबाहेर काढला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं. पंख्याची पाती कण्हेरीच्या पाकळ्यांएवढी उरली होती.

"हे कोणी केलं?"

बायकोचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं. मी गंजाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टर आधी बोलले.

"बाबा, माझी चूक. शुक्रवारी सरावाला नेली होती. बेटाजवळ खडकाला लागली. एका पात्याचा तुकडा गेला, म्हणून बाकीची दोन दवाखान्यातल्या मशीनने घासून सारखी केली."

म्हणजे शनिवारी मी आपटला तो पंखा आधीच आपटलेला होता! मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. काही न बोलता सुटलो होतो.

सासरेबुवांनी पंखा पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग त्यांनी भिंग काढलं आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कबूल करणारा माणूस मिळत नाही हो. घ्या. बोट तुमची."

किल्ली डॉक्टरांच्या हातात जाताना बघितली आणि माझा तोल गेला. कबुलीवर बोट मिळत असेल तर माझी कबुली जास्त ताजी होती.

"बाबा, थांबा. मीसुद्धा आपटलीय. काल. त्याच खडकावर."

"काल तुम्ही धुवायला नेली होती."

"धुतली नाही, आपटली."

"आणि आज सावकाश चालवत होतात ते?"

"पूर्ण सोडलं होतं इंजिन. तेवढीच पळत होती."

"आपटली कशी?"

"पुढे जाताना खडक चुकवला होता. मग रिव्हर्स घेताना."

सासरेबुवा हसले. मग गंभीर झाले.

"जावईबापू, तुम्ही लोकांना गाड्या शिकवता. पुढे जाताना चुकवलेल्या खडकावर तुम्ही मागे येऊन आपटाल, हे मी मानायचं? बोटीसाठी एवढं खोटं बोलू नये माणसाने."

"बाबा, खरंच यांनीच आपटली," बायको म्हणाली. "मी होते बरोबर."

"तू नवऱ्याची बाजू घेणारच," ते म्हणाले.

बोट डॉक्टरांची झाली. त्यांनी नवा पंखा मागवून बसवला. आता सुट्टीच्या दिवशी ते आम्हालाही फिरवून आणतात, बेटापासून पुष्कळ लांबून. त्या जुन्या पंख्याचं निम्मं वाटोळं मी स्वतःच्या हाताने केलं होतं, पण सासरी त्याचंसुद्धा सगळं श्रेय डॉक्टरांनाच देतात.