सुलतानचा खुबा

बिरूआबांचा उजवा खुबा पार कामातून गेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी तो बदलायला गुरुवारची तारीखही दिली होती. पण आबा अडून बसले.

"आधी सुलतानचा एक्स-रे काढा. त्याचा टिकला आसंल तर म्या टेबलावर चढतो. न्हायतर न्हाय!"

सुलतान हा आबांच्या मेंढरांमागचा कुत्रा. आठ वर्षांपूर्वी जीपखाली सापडून त्याचा खुबा मोडला, तेव्हा आबांनी त्याला घोंगडीत गुंडाळून थेट शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी घालून त्याला नवा खुबा बसवला. "कुत्र्याचा कुठं खुबा बदलत्यात व्हय?" म्हणून सगळं अणदूर गाव हसलं. पुढच्या हंगामात सुलताननं लांडगा ओढ्यापार पिटाळला आणि हसणारे गप्प झाले. कुत्रा असावा तर असा! त्या ऑपरेशनला हाताखाली असलेल्या संघप्रियाचा आता तुळजापुरात स्वतःचा दवाखाना होता. वाटी किती झिजली ते एकदा बघू या, असं तीही कधीची म्हणत होती.

आबांचा मुलगा कुमार तुळजापुरात नोकरीला. सुलतानला एक्स-रेला न्यायला त्याला रजा मिळाली ती नेमकी चंपाषष्ठीची. आबांच्या घरी त्या दिवशी आधी खंडोबाच्या नावानं कुत्र्यांना भंडारा लागतो, मग माणसं भरीत-रोडगा खातात. आबांच्या कारभारणीचा, तारामतीबाईंचा, हात मुळातच सढळ. सुलतान आणि त्याचा भाऊ वजीर, दोघेही शेपटीपर्यंत पिवळेजर्द झाले. सुलतानच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, ज्यावरून परका माणूस दोघांना ओळखायचा, तोही भंडाऱ्यात बुडाला.

आबा देवळात गेलेले, तारामतीबाई चुलीपुढं. कुमारनं अंगणातले दोन पिवळे कुत्रे पाहिले. त्यातला एक लंगडत होता. ऑपरेशन झालेला तोच असणार, हे ठरवायला त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. लंगडा कुत्रा टेम्पोत चढला आणि तुळजापूरला गेला.

संघप्रियानं एक्स-रे उजेडासमोर धरला. "कुमारदादा, यात गोळाही नाही आणि वाटीही नाही."

ती पुढं काही बोलणार, तोवर या गड्यानं फोन लावलासुद्धा. "आबा, घोटाळा झाला! खुब्यात काईच राहिलं न्हाय!"

"समदं झिजलं?"

"दिसतच न्हाय ना!"

आबांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि देवळाच्या ओट्यावरूनच जाहीर केलं, "सुलतानचं लोखंड आठ वर्सांत झिजून संपलं! मग माझं काय घेऊन बसलाव? सोलापूर रद्द!"

ओट्यावर शेजारच्या गजराबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचा गुडघा मागच्याच वर्षी बदललेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरला.

"बिरूभावजी, माझा बी संपला आसंल का वो?"

"उठून बघा की."

"आन् उठताना गळून पडला म्हंजे?"

गजराबाई काही उठेनात. शेवटी चार बायकांनी त्यांना खुर्चीसकट घरी नेलं.

आबा लंगडत घरी आले. तारामतीबाईंना काय सांगावं याचा विचार करत ते दारात उभे राहिले, तेवढ्यात एका पिवळ्या कुत्र्यानं धावत येऊन मागच्या दोन पायांवर उभं राहत पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर ठेवले. आबांनी त्याचं कपाळ धोतराच्या सोग्यानं पुसलं. खालून पांढरा ठिपका निघाला.

"आरं लबाडा, तू हितंच हायस? मग त्या शहाण्यानं नेलं कुणाला?"

त्यांनी फोन चालू केला तोच तो वाजला. पलीकडून संघप्रिया सांगत होती, "आबा, तुमच्या मुलानं दुसराच कुत्रा आणलाय. याच्या पायात बाभळीचा काटा होता, तो मी काढला. आता सुलतानला आणा आणि सोबत तुम्हीच या."

दुपारी आबा स्वतः सुलतानला मांडीवर घेऊन तुळजापुरात हजर झाले. संघप्रियानं आठ वर्षांपूर्वीचा आणि आताचा, असे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि मोजपट्टी धरली. 

"गोळा जागेवर घट्ट आहे. वाटी जेमतेम केसभर झिजलीय. प्लास्टिक आहे, थोडं झिजणारच. दरवर्षी बघत राहू. जपून वापरला की टिकतो खुबा."

"जपून?" आबांचा आवाज चिरकला. "बाई, ह्यानं कुठं जपला वो? आठ वर्सं लांडगं पळवलं, ओढं वलांडलं, माझ्या पुढं पळाला. म्या मागं राहिलो, ह्यो न्हाय राहिला!" त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी सुलतानच्या पिवळ्या मानेत तोंड खुपसलं.

कुमारनं हळूच विचारलं, "आबा, मग गुरुवारी सोलापूर?"

"सोलापूर कशाला?" आबांनी संघप्रियाकडं बोट केलं. "हिच्या हाताला यश हाय. माझा खुबा हीच बसवंल."

संघप्रिया घाबरलीच. "अहो आबा, मी जनावरांची डॉक्टर आहे!"

"मग बिघडलं कुठं?" म्हणत आबा तपासणीच्या टेबलावर चढूनही बसले. "म्या तरी पन्नास वर्सं मेंढरांतच हाय की!"